म्हाळसाबाईंना बादली पसंत पडेना

शिरूरच्या भैरवनाथ सोसायटीत बारा बिऱ्हाडं. या बारा बिऱ्हाडांत मिळून एक गोष्ट दोन दिवसांच्या वर लपून राहील तर शपथ. तळमजल्यावर सविताचा मिक्सर जरा जास्त फिरला की दुसऱ्या मजल्याला कळतं, हिच्याकडं माहेरचं कुणीतरी आलंय. अशा या सोसायटीला दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाळसाबाईंनी दोन हजार सातच्या दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत चक्क बनवलं. आणि तेही कशावरून, तर खरकट्याच्या बादलीवरून.

त्याचं झालं असं. सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब. पाटसच्या साखर कारखान्यात उभी हयात काढलेले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी बोलण्याच्या भरात सोसायटीला ‘आपला कारखाना’ म्हणायचे. त्यांनी कुठंतरी खताचा खड्डा बघितला, आणि दिवाळी झाल्या झाल्या पार्किंगमध्ये मीटिंग लावली.

“ओला कचरा आता गाडीत द्यायचा न्हाई,” बापूसाहेब म्हणाले. “परतेक घरात एक बादली. देठं, साली, शिळं, खरकटं समदं त्यात. बादली भरली की मागच्या खड्ड्यात वतायची, वरनं माती. सहा म्हयन्यांत खत! कोरडा कचरा गाडीला आठवड्यातनं एकदा, खालच्या खाली. आन् सुरू करायचं ते बारा घरांनी एकाच दिवशी. गाळप कसं सुरू करतो आपण? नारळ फोडून, एकदम!”

“खरकट्याला नारळ?” सविता म्हणाली.

“खताला, सविता. खताला.”

बाया हसल्या. म्हाळसाबाई हसल्या नाहीत. त्या सगळ्या भाषणातलं त्यांनी एकच वाक्य उचललं होतं, खालच्या खाली. म्हणजे आता कचरा घ्यायला वर कुणी यायचं नाही.

म्हाळसाबाई मूळच्या दौंडकडच्या. नवरा म्हस्कू मेंढरं राखायचा. दिवाळी सरली की घोड्यावर बिऱ्हाड लादून निघायचं आणि पाटस-यवतच्या शिवारात, ज्याला खत हवं त्याच्या रानात रात्रीची मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, त्याच्या बदल्यात जोंधळे यांना. कुठलं रान किती रात्री मागतंय ते म्हस्कू ढेकूळ हातात घेऊन सांगायचा आणि म्हाळसाबाई नुसत्या वासावरून. बापूसाहेबांच्या वावरातसुद्धा एका साली आठ रात्री मेंढरं बसली होती. पुढं कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, मोकळी रानं संपली. मेंढरं विकली. म्हस्कूही गेला. मुलगा माऊली रांजणगावच्या एका कंपनीत चिकटला, त्यानं शिरूरला ब्लॉक घेतला. त्या उन्हाळ्यात कंपनीनं उत्तराखंडात नवा प्लांट काढला आणि माऊलीची बदली झाली. सून रुपाली आणि नात त्याच्याबरोबर गेल्या. “आई, तिथं थंडी लई. तुझं गुडघं न्हाई टिकायचं,” असं म्हणत म्हणत माऊलीनं बॅगा भरल्या. गुडघे शिरूरला राहिले, आणि गुडघ्यांबरोबर म्हाळसाबाई.

आता एकट्या माणसाचा दिवस तो काय असतो? पहाटे चारला उठायची जन्माची सवय. चारला उठून करायचं काय, तर स्वयंपाकाचा कट्टा पुसायचा. कालच पुसलेला. पाचला आंघोळ. सहाला देवाला हळदीचा भंडारा. साडेसहाला परत कट्टा. मग गॅलरीत उभं राहून कंपनीच्या बसगाड्या मोजायच्या. माऊलीच्या बसचा नंबर पाठ होता, ती अजून रोज जायची, खिडकीत दुसरी पोरं बसवून.

आणि मग साडेसातला घंटा वाजायची.

घंटागाडी म्हणजे ट्रॅक्टर आणि मागं ट्रॉली. फाटकाशी दोन मिनिटं थांबायची. बाकीच्या बाया बादल्या घेऊन पळत खाली. म्हाळसाबाईंना दोन मजले उतरायला लागायचा पाव तास. एकदा त्यांनी घंटेच्या आधी खाली जाऊन बसायचं करून बघितलं. कचरा दिला खरा, पण परत वर पोचेतो साडेआठ वाजले आणि गुडघा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरनं सांगितलं, जिना आठवड्यातून एकदा, तोही बाजारापुरता. तेव्हापासून गाडीवरची नकुशी वर यायला लागली. ट्रॅक्टरवाला फाटकावरून पुढं कोपऱ्यावरच्या टपरीला तंबाखू मळत उभा राहायचा, तेवढ्या वेळात.

नकुशी म्हणजे पंचविशीतली पोर. आईबापाला चार मुलींवर पाचवी झाली म्हणून हे नाव पडलं. म्हाळसाबाईंनी ते कधी तोंडातून काढलं नाही, त्या ‘पोरी’ म्हणायच्या. पहिल्या आठवड्यात पोर दारातून पिशवी घेऊन गेली. दुसऱ्या आठवड्यात म्हाळसाबाई म्हणाल्या, “चा झालाय. अर्धा कप घे.” तिसऱ्या आठवड्यापासून नकुशी उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसायला लागली. सात मिनिटं. त्या सात मिनिटांत म्हाळसाबाई चोवीस तासांचं बोलून घ्यायच्या. घोड्यावर बांधलेली कोंबडी यवतच्या बाजारात कशी सुटली इथपासून ते रुपालीला भाकरी कशी थापता येत नाही इथपर्यंत. नकुशी “व्हय? आन् मग?” एवढंच म्हणायची. ती गेली की दुसऱ्या दिवशी साडेसातपर्यंत घरात कुकरच काय ती शिट्टी मारायचा.

तर हे सगळं जाणार होतं, एका बादलीपायी.

आता सरळ सांगावं की नाही, की मला नको तुमची बादली? पण मग बापूसाहेब विचारणार का, आणि का म्हटल्यावर सांगायचं काय? की कचरा न्यायला येणाऱ्या पोरीशी बोलायला मिळतं म्हणून? मुलगा एवढ्या लाखांच्या ब्लॉकमध्ये ठेवून गेलाय आणि आई कचरेवालीची वाट बघते, हे सविताच्या कानावर गेलं असतं तर दुपारपर्यंत पार न्हावरे गावात पोचलं असतं.

म्हणून म्हाळसाबाईंनी नाही म्हटलं नाही. त्या बादली घ्यायला निघाल्या. बाजाराच्या दिवशी सविताबरोबर रिक्षानं जाऊन हौसरावांच्या दुकानातून झाकणाची हिरवी बादली आणली. आणि पुढच्या बाजारी परत नेली.

“काय झालं मावशी?” हौसराव म्हणाले.

“झाकण लई घट्ट हाय. खत कोंडलं की कुजतंय, मुरत न्हाई. त्याला वारं लागतं.”

हे बोलणं सवितानं ऐकलं. आता खताची गोष्ट आणि बोलणारी म्हाळसाबाई, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेली! संध्याकाळी सोसायटीत एकच चर्चा. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईबाईंनी आपलं झाकण काढून नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, “तरीच!” दुसऱ्या दिवशी सात बाया घट्ट झाकणाच्या सात बादल्या घेऊन हौसरावांच्या दारात. सविताचीही त्यात होती. गुलाबी, पडद्याला मॅच करून घेतलेली. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं राहिलं होतं.

दुसऱ्या खेपेला म्हाळसाबाईंनी बिनझाकणाची आणली. आठ दिवसांनी परत. “चिलटं हुत्यात.” बाया बिनझाकणाच्या परत घेऊन. तिसऱ्या खेपेला भोकाभोकाची टोपली. “पाणी गळतंय, कट्टा खराब हुतो.” खरं तर म्हाळसाबाईंनी त्यातल्या एकातही कांद्याचं साल टाकलं नव्हतं. बादल्या कोऱ्या यायच्या आणि कोऱ्या जायच्या. कचरा आपला पिशवीत, आणि पिशवी नकुशीच्या हातात.

“मावशी,” हौसराव कपाळाला हात लावून म्हणाले, “तुमी एक परत आणता, मागनं सात बाया सात आणत्यात. दुकान हाय का कोंडवाडा हाय माझा?”

“मग चांगली ठिवा की एखादी.”

हौसरावांनी चिडून माळ्यावरून मोठा ड्रम काढला. झाकणाला जाळी, खाली तोटी, सगळं बैजवार. म्हाळसाबाईंनी आत डोकावून बघितलं. आता ह्याला नाव काय ठेवायचं?

“येवढा भरायला घरात माणसं कुठंयत, हौसराव?” त्या म्हणाल्या.

हे आपलं सबब म्हणून बोलल्या. पण परतताना रिक्षात सविता पालक कसा दिला, मेथी कशी दिली विचारत होती आणि म्हाळसाबाई पुलापर्यंत दोन्हीला नुसतं ‘व्हय’ म्हणत होत्या.

रविवारी माऊलीचा फोन यायचा. एरवीचा फोन म्हणजे जेवलीस का, गुडघा कसा आहे, पाऊस आहे का, ठेवतो. पण बादलीचं निघाल्यापासून फोनला जीव आला. म्हाळसाबाई हिरवीचं झाकण सांगायच्या, टोपलीची भोकं सांगायच्या, हौसरावांची नक्कल करायच्या. पलीकडं माऊली हसायचा. एका रविवारी फोन अकरा मिनिटं चालला. शेवटी तो म्हणाला, “आई, कुठलीबी घे गं. बादलीच तर हाय!” म्हाळसाबाई म्हणाल्या, “तुला न्हाई कळायचं खतातलं.”

इकडं बापूसाहेबांची पंचाईत. बारा घरं एकदम, हा त्यांचाच हट्ट. म्हाळसाबाईंची बादली ठरत नाही म्हणून कुणाचीच ठरत नाही, आणि कुणाचीच ठरत नाही म्हणून खड्डा कोरडा. खड्ड्यासाठी आणलेला नारळ कपाटात सुकून आतून वाजायला लागला. बापूसाहेब जिना चढून स्वतः आले.

“म्हाळसाबाई, तुमचा अभ्यास मोठा, मी मानतो. पण गाळप कधी सुरू करायचं?”

“घाई करून खत हुत न्हाई, बापूसाहेब. तुमच्या वावरात आठ रात्री लागल्या हुत्या, ध्यानात हाय न्हवं?”

“हाय की,” बापूसाहेब म्हणाले, आणि आठ रात्रींचा मान राखून जिना उतरले.

सकाळी हे सगळं नकुशीला सांगायचं. ती हसून हसून भिंतीला डोकं टेकायची. “मग ठरली का न्हाई आजून?”

“न्हाई. हिची कडी हाताला लागती.”

“बरं झालं,” नकुशी एकदा म्हणाली, आणि कप ठेवून निघून गेली. कशाला बरं झालं, ते तिनं सांगितलं नाही. म्हाळसाबाईंनी ते दोन शब्द दिवसभर पुरवून पुरवून वापरले.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी घंटा वाजली. चहा उकळला, गाळला. नकुशी येईना. म्हाळसाबाईंनी दार उघडलं आणि कठड्यावरून खाली बघितलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर, पायरीवर, पोर बसली होती. एक हात कंबरेवर, एक हात पोटाखाली. साडीवर घालायचा खाकी ढगळ शर्ट बसल्यामुळं पुढून ताणला होता.

शंभर मेंढरांच्या कळपात गाभण मेंढी लांबून ओळखणारी बाई ही. दिवाळीच्या आधीपासून रोज सकाळी समोर बसून चहा पिणाऱ्या पोरीचं पोट तिला दिसलं नव्हतं. दिसणार कसं? सातच्या सात मिनिटं स्वतःच बोलत होती.

“कितवा गं?” त्यांनी वरूनच विचारलं.

नकुशीनं मान वर केली. खोटं बोलायच्या बेतात होती, पण तेवढाही दम उरला नव्हता. “सातवा लागलाय.”

“आन् मला बोलली न्हाईस?”

“मुकादमाला कळलं तर घरी बसवील, आजी. आन् तुमाला सांगितलं आस्तं तर तुमी वर यिऊ दिलं नसतं.”

“किती घरं चढतीस रोज?”

“न्हाई वो, बाकीचे खाली आणत्यात. तुमचंच.”

नकुशीनं हे आपलं साधं सांगितलं. त्यात तक्रार नव्हती. ती उठली, कठडा धरून वर आली, चहा उभ्यानंच प्यायली आणि पिशवी घेऊन गेली. त्या दिवशी म्हाळसाबाईंनी यवतचं काही सांगितलं नाही आणि रुपालीचंही काढलं नाही.

नऊ वाजता त्या एकट्याच जिना उतरल्या. बाजाराचा दिवस नव्हता, बरोबर सविता नव्हती. फाटकावर रिक्षा थांबवली. हौसरावांनी लांबून बघितलं आणि गल्ल्यावरून उठून आतच जायला निघाले होते, पण तोवर म्हाळसाबाई पायरीशी पोचल्या.

“ती द्या.”

“कुठली?”

“ती. म्होरची.”

म्होरची म्हणजे दाराशी टांगलेली पिवळी. झाकण वाकडं बसणारी, उन्हात एका अंगानं रंग उडालेली. हौसराव बिचारा प्रामाणिक माणूस. “मावशी, हिचं झाकण नीट बसत न्हाई. आतनं चांगली दाखवतो.”

“असूं दे.”

“वास आला तर?”

“असूं दे म्हणते न्हवं!”

हौसरावांनी बादली काढून दिली आणि बराच वेळ ते रिक्षाकडं बघत राहिले. दोन महिने सहा बादल्या हुंगणारी बाई एका मिनिटात गेली होती.

सोसायटीत मात्र तासाभरात निकाल लागला. ताईबाई, सविता, मागच्या विंगच्या मालनबाई, सगळ्या म्हाळसाबाईंच्या कट्ट्याशी गोळा होऊन बादली फिरवून फिरवून बघायला लागल्या. मालनबाई म्हणाल्या, पिवळ्या रंगाला माशी बसत नाही. ताईबाई म्हणाल्या, रंगाचं नाही, झाकण बघा, मुद्दाम वाकडं ठेवलंय, वारं जायला. सवितानं कपाळावर हात मारला, “आगं बाई! आन् आपण घट्ट झाकणं घेऊन बसलो!”

“व्हय ना मावशी?” ताईबाईंनी विचारलं.

“व्हय,” म्हाळसाबाई म्हणाल्या.

दुपारी हौसरावांकडं वाकड्या झाकणाच्या बादल्यांना मागणी. त्यांनी मग चांगली झाकणं गुडघ्यावर दाबून वाकडी केली म्हणतात. बापूसाहेबांनी रविवारचा मुहूर्त काढला आणि नवा नारळ आणला.

दुसऱ्या दिवशी साडेसातला घंटा वाजली. म्हाळसाबाईंनी चहा टाकला नव्हता. त्या दार उघडून जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. खालून चपला वाजल्या, थांबल्या, परत वाजल्या. नकुशी पहिल्या मजल्याच्या वळणावर दिसल्याबरोबर त्या म्हणाल्या, “तितंच थांब. वर यायचं काम न्हाई.”

“का वो आजी?”

“बादली आणली काल.”

“खरंच? बघू द्या की.”

“बघायला ती काय नवरी हाय?”

नकुशी हसली आणि आणखी दोन पायऱ्या चढली. “मग चा तरी द्या.”

म्हाळसाबाईंच्या ध्यानात आलं, गोडीनं सांगितलं तर ही उद्या येणार, परवा येणार, नवव्या महिन्यातही येणार. बादली असो की नसो. चहा काय, नुसतं भिंतीला टेकायला मिळालं तरी ही दोन मजले चढेल. आपल्याला सात मिनिटं लागतात तशी हिलाही लागत असतील, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला, आणि अगदी नको त्या वेळेला आला.

“चा बंद केलाय मी,” त्या म्हणाल्या. “आन् हे बघ, रोज सकाळी तुझ्यासाठी दार उघडून बसायचं, मला न्हाई जमत. मलाबी कामं हायत. बादली घेतली, आता तुझं माझ्याकडं काय काम ऱ्हायलं?”

नकुशीचा पाय वरच्या पायरीवर होता. तो तिनं हळूच खाली घेतला.

“माझं काय चुकलं का आजी?”

“चुकायला काय लागतं? जा. ट्रॅक्टर निघंल.”

खाकी शर्टाचं टोक तिनं उगाच खाली ओढलं. मग “बरं,” म्हणाली आणि वळली.

“कठडा धर,” म्हाळसाबाई म्हणाल्या, पण इतक्या हळू, की पहिल्या मजल्यावर दार किलकिलं करून ऐकत उभ्या असलेल्या बाईलासुद्धा ते ऐकू आलं नाही, मग नकुशीला कुठलं? एकेक पायरी चपला वाजत गेल्या. मधे एकदा थांबल्या. म्हाळसाबाईंनी कठड्याला घट्ट धरलं. मग परत वाजल्या, फाटक वाजलं, घंटा हलली आणि मागच्या गल्लीत गेली, तिथून पुढच्या.

त्या आत आल्या. कट्टा पुसला. घड्याळात बघितलं. आठसुद्धा वाजले नव्हते.